२६/११ : कॅमेरा थांबला तिथेच आपली हळहळ थांबली का?

परळकर
दर नोव्हेंबरात टीव्हीवर ताजचा धुरात बुडालेला घुमट दाखवतात आणि मला सीएसटी स्थानकाचा (आताचं सीएसएमटी) मेल-एक्स्प्रेसचा हॉल आठवतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या हल्ल्यात सगळ्यात जास्त माणसं तिथे मेली, पन्नासाहून अधिक. रात्रीच्या गाडीची वाट बघत बोचक्याला टेकून बसलेली माणसं. पण तिथे कुणी ओलीस नव्हतं, आग नव्हती. दोघे दहशतवादी आले, गोळ्या झाडल्या आणि कामा हॉस्पिटलच्या दिशेने निघून गेले. कॅमेऱ्याला मुक्काम ठोकण्यासारखं काही उरलं नाही. तो ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउससमोर थांबला. ताजसमोर तर २९ च्या सकाळपर्यंत.

३ डिसेंबरला गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले. मीही गेलो होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो. परत जाताना सीएसटीवरून गाडी पकडली. गेटवेपासून चालत अर्ध्या तासावर आहे हो ते. तिथे एक पणती लावावी असं आमच्यातल्या कुणालाही सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही. राग खरा होता. पण तो कुणाच्या नावाने करायचा, हे वाहिन्यांनी ठरवलं असं मला वाटतं.

निशिगंधा
परळकर, पणतीबद्दलचं पटलं, पण बाकी नाही. ‘ताज म्हणजे श्रीमंतांचं दुःख’ असा सूर लागतोय, तो चुकीचा आहे. तिथे मेलेल्यांत आचारी होते, वेटर होते, पाहुण्यांना बाहेर काढताना गेलेले कर्मचारी होते.

माझा मामेभाऊ त्या दोनांपैकी एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. रात्रभर त्याचा फोन बंद. हॉटेलचा नंबर लागेना, पोलीस ठाण्यात कुणाला काही माहीत नव्हतं. सकाळी बाहेर पडणाऱ्या घोळक्यात मामीने टीव्हीवर त्याची चाल ओळखली. चेहरा दिसलाच नव्हता. त्या वाहिनीला मी कशी शिव्या देऊ?

आणि तो राग दिसला म्हणूनच केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील, मुख्यमंत्री विलासराव, एकामागून एक खुर्च्या रिकाम्या झाल्या. महिनाभरात एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. एरवी आपल्याकडे चौकशी समिती नेमतात आणि विसरतात.

शंतनू, डोंबिवली
निशिगंधाताई, मामींचं समजू शकतो. पण तोच टीव्ही आणखी कुणीतरी बघत होतं. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पडद्यावर बघून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. २८ तारखेला सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले, तेही देशाने थेट बघितलं. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांना यावरूनच सुनावलं.

भावनांच्या दबावाचं म्हणाल तर कंदाहार आठवा. डिसेंबर १९९९, अपहरण झालेलं आपलं विमान आठ दिवस अडकलेलं, दिल्लीत नातेवाइकांचा आक्रोश चोवीस तास पडद्यावर. शेवटी मसूद अझहरसह तीन दहशतवाद्यांना सोडलं. त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

निशिगंधा
त्या नातेवाइकांवर ढकलू नका. आपलं माणूस आत असताना रडायचंही नाही का? निर्णय सरकारने घेतला. कंदाहारच्या आधी अमृतसरला विमान उभं होतं तेव्हा ते अडवता आलं नाही, यात रडणाऱ्या आईचा काय दोष?

जुना बातमीदार
मी त्या तीन रात्री कुलाब्यात होतो, म्हणून लिहितो. शंतनू, त्याच निकालात हेही म्हटलंय की प्रक्षेपणामुळे जवानांची प्रत्यक्ष हानी झाली का, हे सांगता येणं शक्य नाही. त्यांचं काम अवघड आणि धोक्याचं झालं, हे मात्र निःसंशय. दोन्ही वाक्यं वाचावीत.

पोलिसांचा धड गराडा नव्हता. अमुक रेषेच्या मागे उभे राहा, हे सांगणारं कुणी नव्हतं. दर दोन तासांनी येऊन माहिती देणारा अधिकारी नव्हता. मग जो जे ऐकेल ते बोलत होता, मीही बोललो. २८ ला पोलिसांनी केबलवरच्या बातम्या काही वेळ बंद पाडल्या, तेव्हा शहरभर अफवा सुटल्या.

पण एक गोष्ट मला अजून छळते. कित्येक तास अंधारात दडून सुटलेली एक बाई बाहेर आली, अनवाणी, आणि आम्ही आठ-दहा माइक तिच्या तोंडाशी नेले. ती पाणी मागत होती. तिथे कुठल्याही अधिकाऱ्याची चूक नव्हती, ती आमचीच होती.

आणि परळकर, सीएसटीवरही पत्रकार होते. समोर गोळीबार चालू असताना छायाचित्रकारांनी तिथे फोटो काढले. कसाबचा तो बंदूक घेतलेला फोटो तिथलाच. खटल्यात ते फोटो पुरावा म्हणून आले, काढणाऱ्यांनी साक्ष दिली. त्या फोटोंनी कुणाला आतली हालचाल कळवली नाही, आणि काम मात्र केलं.

परळकर
बातमीदारसाहेब, साक्षीचं निघालंय तर तुम्हाला ती मुलगी आठवत असेल. सीएसटीवर पायात गोळी लागली तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची. कुबडी घेऊन कोर्टात आली आणि कसाबकडे बोट दाखवलं. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर तीच होती. पुढे घरासाठी तिला हायकोर्टात धाव घ्यावी लागली. माझी तक्रार तीच आहे. कॅमेरा ताजवर होता याची नाही, तो परत सीएसटीकडे वळला नाही याची.

शंतनू, डोंबिवली
यावर शंभर टक्के सहमत. पण २०१५ मध्ये केबलच्या नियमात बदल झाला तो योग्यच, यावर ठाम आहे. कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच.

निशिगंधा
चालेल. कमांडो दाखवू नका. पण तो अधिकारी फक्त पत्रकारांशी बोलणार असेल तर माझ्या मामीचं काय? सुटलेल्यांची यादी, दवाखान्यांतली नावं, एक चालू असलेला नंबर, हे त्याच वेळी मिळायला हवं, सीएसटीवरच्या माणसाच्या गावाकडच्या घरालाही. त्या घरात कदाचित टीव्हीही नसेल. हे नियमात कुठे लिहिलंय, शंतनू?