जॉनी हॅलिडेचा शेवटचा अल्बम: गाणी की शोकाची विक्री?

मूळ धागा (फ्रेंच शिक्षिका, पुणे):
फ्रेंच रॉक गायक जॉनी हॅलिडेचा ‘मों पेई, से लामूर’ हा शेवटचा अल्बम म्हणजे मरणाच्या भांडवलावर खपवलेला माल आहे, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले, आणि ते वाचून मला गप्प बसवले नाही. कर्करोगाने ग्रासलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस २०१७ मध्ये ही गाणी गातो, त्याच उन्हाळ्यात मंचावरही उभा राहतो, आणि डिसेंबरात जातो. पहिले गाणे सैतानाशी बोलण्याचे आहे, पुढे ‘पार्दोन-म्वा’मध्ये तो क्षमा मागतो, तो आवाज कोणत्या विक्रेत्याने घडवला?

पहिला प्रतिसाद:
ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्याच आठवड्यात साडेसात लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्या केवळ स्वरांसाठी नव्हेत. संथ गाणी मलाही हलवून गेली, हे नाकारत नाही. परंतु त्यातला रॉक त्याने साठच्या दशकापासून गायलेलाच आहे.

दुसरा प्रतिसाद:
आपण दोघेही मृत्युपत्र विसरत आहात. फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो, तरी कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार केलेल्या मृत्युपत्रात सर्व काही पत्नीला गेले. त्याची मुले दाविद आणि लोरा यांनी अल्बमच्या अंतिम रूपावर देखरेखीचा हक्क मागितला, आणि पॅरिसजवळच्या नाँतेरच्या न्यायालयाने तो एप्रिल २०१८ मध्ये नाकारला. माझ्या आजोबांनी घर धाकट्या काकांच्या नावे केल्याचे माझ्या वडिलांना तेराव्या दिवशी कळले. तेव्हापासून ते आजोबांच्या आवडीची भजने ऐकू शकले नाहीत. अशा घरातून आलेले क्षमेचे गाणे मी कोणत्या कानांनी ऐकावे?

मूळ धागाकर्ती:
आपल्या वडिलांचे दुःख खरे आहे, परंतु त्याचा निवाडा या अल्बमवर करणे अन्याय आहे. आपण तो एकदा तरी पूर्ण ऐकला आहे का?

दुसरा प्रतिसाद:
तीनदा. आपण हॅलिडेचा १९९९ चा ‘सां पूर सां’ हा अल्बम ऐकला असेल, तर त्याचे संगीत दाविदचेच होते हेही आपल्याला ठाऊक असेल. ज्याने बापाला गाणी करून दिली, त्याला बापाच्या शेवटच्या गाण्यांवर कोणताच हक्क नसावा?

मूळ धागाकर्ती:
असावा. एवढे मान्य करते, त्यापुढे एक पाऊलही नाही. ‘पार्दोन-म्वा’मध्ये त्याचा स्वर शब्दाशेवटी जसा फाटतो, तो न्यायालयाने दिलेला नाही आणि मृत्युपत्राने हिरावूनही घेतलेला नाही.