जुने कुंगफूपट: सूड बघायचा की मेहनत?

रीळ क्रमांक सात (धागा सुरू करणारा)

दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "जुने हाँगकाँगी सिनेमे म्हणजे सूड, किंचाळ्या आणि ढिश्यूम. बाकी शून्य." तिथे विषयांतर नको म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं की चांगल्या कुंगफूपटात सूड ही नुसती खुंटी असते. खरी मजा शिकण्यात. 'द ३६थ चेंबर ऑफ शाओलिन' घ्या. साल १९७८, शॉ ब्रदर्सची निर्मिती, लाउ कार-ल्युंगचं दिग्दर्शन, नायक गॉर्डन ल्यू. चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मांचूंचा सरदार गावात कत्तल करतो, पोरगा जीव वाचवत शाओलिन मठात पोचतो. इथवर नेहमीचंच. पण पुढे जवळजवळ अर्धा सिनेमा हा माणूस फक्त शिकतो! आधी झाडलोट. मग मठातल्या शिकण्याच्या कक्षांपैकी तोऱ्यात सगळ्यात वरच्या कक्षात जातो. तिथे बौद्ध सूत्रांचं पठण चाललेलं, काही झेपत नाही, गुपचूप खालच्या कक्षापासून सुरुवात. तो कक्ष जेवणघराच्या वाटेवर: पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांच्या मोळीवर पाय टेकवून पलीकडे उडी मारायची. हा धपाधप पाण्यात. पुढे दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडाला आतून सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की टोक बरगडीत.

शेवटचा सूड मात्र दिग्दर्शकाने भराभर उरकलाय. त्याला कशात रस होता ते उघड आहे.

चिंचोका

एक सिनेमा दाखवून अख्ख्या प्रकाराची वकिली चालली आहे. त्याच शॉ ब्रदर्समधल्या दिग्दर्शक चांग चेहचे सिनेमे काढा. उघड्या अंगाचे पुरुष, पोटात भाला, तरी दहा मिनिटं लढतायत. हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बेचा तो स्टुडिओ म्हणजे कारखाना होता. तोच वाडा, तोच पूल, त्याच पांढऱ्या दाढ्या. आवाज नंतर भरलेला, त्यामुळे ओठ एकीकडे आणि संवाद दुसरीकडे.

"तेव्हा सगळं खरं होतं" हेही पुरे करा. सेकंदाला २४ ऐवजी २०-२२ चौकटी चित्रित करायच्या आणि पडद्यावर २४ ने दाखवायच्या, की कुणीही चपळ. 'ड्रंकन मास्टर'मधल्या (१९७८) म्हाताऱ्या गुरूच्या अवघड कोलांट्या डुप्लिकेटने मारल्यात.

दुष्काळी ढग

दहा जण घेरतात आणि एकेक करून मार खायला पुढे येतात, बाकीचे मागे हात हलवत उभे. याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. कोल्हापूरच्या तालमीत असली रांग लावली असती तर वस्तादांनी सगळ्यांनाच हाकललं असतं.

माजघर

@दुष्काळी ढग, उत्तर सोपं आहे: ते भांडण नाहीच, नाच आहे. यातली बरीच मंडळी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं-कसरतींच्या चिनी नाटकाच्या, शाळेतून आलेली. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बियाव हे तिघे एकाच गुरूचे, यू जिम-युएन यांचे चेले. त्या रंगभूमीवर लढाई ठेक्यावर बसवतात. भरतनाट्यम बघताना "युद्धात असं कुणी उभं राहतं का" असं विचारतो का आपण?

किंग हूचा 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) बघा. खानावळीत चेंग पेई-पेई शांत बसलेली, भोवती गुंडांची टोळी. बराच वेळ कुणी कुणाला खरं मारतच नाही, नुसते एकमेकांना जोखतात. ताण असा की आपण चहा विसरतो. ही बाई मूळची बॅले शिकलेली, आणि सिनेमाची नायिका तीच. पुढे १९८२ च्या पहिल्यावहिल्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली कारा हुई, तीही एका कुंगफूपटासाठी. हे सगळं "उघड्या अंगाचे पुरुष" मध्ये कुठे बसवणार?

चिंचोका

नाच हे मान्य. पण त्या शाळेचं नाव इतक्या प्रेमाने घेताय म्हणून सांगतो. सहा-सात वर्षांची पोरं करारावर गुरूच्या ताब्यात, पहाटेपासून कसरत, चुकलं की छडी. जॅकी चॅनने स्वतः सांगितलंय हे. पडद्यावरच्या मेहनतीला टाळ्या वाजवताना तिची किंमत पोरांनी मोजली हेही लिहा की.

रीळ क्रमांक सात

लिहायलाच हवं, आणि मुलांना मारण्याचं समर्थन इथे कुणीही करणार नाही. पण लाउ कार-ल्युंगची वाट वेगळी आहे. तो हंग गार या कुंगफू शैलीच्या घराण्यातला. वडील लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम साई-विंग प्रत्यक्ष वाँग फेई-हुंग या नामांकित कुंगफू गुरूचे. त्यामुळे त्याच्या सिनेमात हाताची ठेवण, पवित्रा, शस्त्र हे सगळं कुणाकडून तरी आलेलं असतं. कॅमेराही मागे सरकून पायासकट माणूस दाखवतो. आजच्या मारधाडीत एका ठोशाला चार कट, कोण कुणाला मारतोय तेच कळत नाही.

सूडाचंच म्हणाल तर त्याचाच 'हीरोज ऑफ द ईस्ट' (१९७८). चिनी नवरा, जपानी बायको, भांडण कुणाची विद्या सरस यावर. गैरसमजातून जपानी गुरूंची फौज दारात येते. अख्ख्या सिनेमात एकही खून नाही. कराटेवाल्यापुढे अडतो तेव्हा नायक काय करतो? एका दारुड्या उस्तादाची खोडी काढवतो आणि तो लढत असताना लपून त्याचे डाव टिपून घेतो. तो उस्ताद खुद्द लाउ कार-ल्युंग.

माजघर

तो प्रसंग भारी आहे! दारुड्याचा तोल जातो तिथे नेमका फटका बसतो.

चिंचोका

पाहिलाय. खून नाही, कबूल, आणि जपान्यांना राक्षसही केलेलं नाही, तेवढं श्रेय देतो. पण आधी नवरा बायकोला हरवतो, मग तिच्या माहेरच्या लोकांना ओळीने हरवतो, आणि शेवटी सगळे त्याच्याकडे आदराने बघतात. हे शिकणं कमी आणि जावयाची मिरवणूक जास्त. रीळ भाऊ, बायको जिंकलीय असा एक तरी दाखवा, मग बोलू.