तिसऱ्या मजल्यावरचा माणूस

सेक्रेटरी (बी विंग): सर्वांना नमस्कार. जिन्याचं रंगकाम काल जवळजवळ संपलं. आज सकाळी तिसऱ्या मजल्यावर मीटरच्या पेटीखाली कुणीतरी पेनाने बोटभर माणूस काढलेला दिसला. शेजारी लिहिलंय, 'माझं बिल अजून निघालेलं नाही.' ज्यांनी काढलाय त्यांनी पुसावा. फोटो टाकतोय.

शैला काकू: आमच्या नातवाचं नाव घेऊ नका. तो परवाच नाशिकला गेलाय.

तुषार (ए-१०२): अक्षर मोठ्या माणसाचं आहे. अनुस्वार सगळे जागच्या जागी 😄

मृण्मयी: काका, लगेच पुसू नका ना! फोटो बघितला आणि मला नेद्को सोलाकोव आठवले. बल्गेरियाचे चित्रकार. म्युझियमच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर ते हेच करतात. खिळ्याचं भोक, प्लगचा कोपरा, भिंतीला गेलेली चीर दिसली की शेजारी बारीक अक्षरात दोन ओळी आणि टीचभर माणूस. उकिडवं बसल्याशिवाय वाचता येत नाही.

नेने काका: म्हणजे म्युझियमवाले पैसे देऊन भिंत खराब करून घेतात.

मृण्मयी: हो 😀 आणि गंमत म्हणजे सोलाकोव शिकले भित्तिचित्र. सोफियाच्या कला अकादमीतून १९८१ साली बाहेर पडले. भिंतभर रंगवायचं शिक्षण घेतलं आणि आता त्याच भिंतीवर मुंगीएवढं लिहितात.

तुषार: आपल्या पेंटरला दाखव हे. तिसऱ्यांदा जिना रंगवतोय बिचारा. आधी क्रीम, मग ए विंगच्या हट्टाने राखाडी, आता परत क्रीम.

मृण्मयी: अरे, त्यावरही त्यांचं काम आहे! 'अ लाइफ (ब्लॅक अँड व्हाइट)', १९९८ चं. रिकामी खोली, दोन पेंटर. एक भिंत काळी करत पुढे सरकतो, दुसरा त्याच्या मागून पांढरी करत येतो. खोलीची फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून. प्रदर्शन संपेपर्यंत रोज हेच. २००१ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं. लंडनच्या टेट म्युझियमच्या संग्रहातही आहे.

नेने काका: मजुरी रोजंदारीवर की स्क्वेअर फुटावर? स्क्वेअर फुटावर असेल तर त्या दोघांचे फ्लॅट झाले असतील.

तुषार: पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारायचा? आपल्याकडे महिन्यात पोपडे धरतील.

मृण्मयी: काका, हसू नका. पेंटरचा अख्खा दिवस काम करण्यात जातो आणि संध्याकाळी भिंत आहे तिथेच. घरकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिला हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

शैला काकू: अगदी. ओटा पुसून झाला की कुणीतरी चहा करायला येतंच.

सेक्रेटरी: विषय भरकटतोय. तिसरा मजला.

नेने काका: सेक्रेटरीसाहेब, एक मिनिट. मृण्मयी, हा माणूस नुसता विनोदी आहे की काही गंभीरही केलंय?

मृण्मयी: 'टॉप सीक्रेट'. १९८९-९० चं काम. कार्ड इंडेक्सची पेटी आहे. आत कार्डं, त्यांवर चित्रं, मजकूर, चिकटवलेल्या वस्तू. आणि विषय काय, तर तरुणपणी आपण बल्गेरियाच्या गुप्त पोलिसांना मदत करत होतो. १९८३ मध्ये त्यांनी ते थांबवलं. कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि लगेच १९९० मध्ये सोफियात त्यांनी ही पेटी प्रदर्शनात ठेवली. गदारोळ झाला.

तुषार: बापरे. कुणी पकडलं होतं का?

मृण्मयी: नाही. स्वतःहून.

नेने काका: राजवट गेल्यावर सांगण्यात कसलं धाडस? आधी सांगायचं होतं. आणि त्यातून नाव झालं ते वेगळंच. २००७ ला डॉक्युमेंटा नावाच्या मोठ्या कलाप्रदर्शनात दाखवलं म्हणे, आत्ताच वाचलं. जर्मनीत कासेलला. म्हणजे पापाचंही प्रदर्शन.

मृण्मयी: काका, राजवट गेल्यावर तर सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती. गप्प बसणं सोपं होतं. पण तुमचा मुद्दा अगदीच खोटा नाही. स्वतःची चूक मांडली की ती मांडणारा जरा गोड वाटायला लागतो, आणि सोलाकोवना हे पक्कं माहीत आहे. कधीकधी ते या लाडिकपणावर फार विसंबतात असं मलाही वाटतं.

शैला काकू: मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, म्हणून बोलते. कार्डाच्या पेटीत खालून एक सळई जाते. प्रत्येक कार्डाला भोक, त्यातून सळई. कार्ड चाळता येतं, वाचता येतं, पण ओढून काढता येत नाही. एखादं कार्ड नकोसं झालं तर सगळ्यांसमोर सळई काढावी लागते. या बाबाने चित्र काढून भिंतीला टांगलं असतं तर लोक लांबून बघून गेले असते. पेटी म्हटल्यावर माणूस जवळ येतो, बोटाने एकेक कार्ड मागे ढकलतो. पोलिसांकडेही त्याची नोंद अशाच कुठल्यातरी कार्डावर असणार. त्यांचंच सामान वापरलंन की त्याने.

मृण्मयी: काकू 👏 कॉलेजात आम्हाला असं कुणी शिकवलं नाही.

नेने काका: हं. पेटीचं मान्य. बाकीचं बघू.

तुषार: मृण्मयी, अजून एखादं सांग. जेवण होईपर्यंत.

मृण्मयी: १९८९ मध्येच सोफियात कलाकार संघाच्या इमारतीच्या गच्चीवर प्रदर्शन होतं. सोलाकोवनी तिथे दुर्बीण उभी केली. नाव दिलं 'पश्चिमेकडचं दृश्य'. तेव्हा बल्गेरियातून पश्चिमेकडे जाणं म्हणजे परवानगी, चौकशी, सगळं. लोक उत्सुकतेने डोळा लावायचे आणि दिसायचा कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयावरचा लाल तारा.

तुषार: 🤣🤣 सेक्रेटरी काका, आपल्या गच्चीची चावी द्या, दुर्बीण मी आणतो.

सेक्रेटरी: गच्चीची चावी कुणालाही मिळणार नाही. ठराव झालेला आहे.

मृण्मयी: लाल तारा दिसला 😄

नेने काका: 🤭

मृण्मयी: मला स्वतःला त्यांचं 'फिअर्स' सगळ्यात आवडतं. ९९ छोटी रेखाटनं, एकेकात एकेक भीती, खाली शाईनेच लिहिलेल्या चार ओळी. आणि २००५ मध्ये झ्युरिकला त्यांनी काय मांडलं, तर वेगवेगळ्या गॅलऱ्यांकडे न विकता पडून राहिलेली स्वतःचीच कामं. नाव, 'लेफ्टओव्हर्स'. आमच्या वर्गातलं कुणी हे करेल का? आम्ही विकलेल्याचाच फोटो टाकतो.

शैला काकू: शिळं म्हणून वाढलं की कुणी नावं ठेवत नाही. ताजं म्हणून वाढलं की पंचाईत.

तुषार: आता वय काय त्यांचं?

मृण्मयी: जन्म १९५७ चा, चेर्वेन ब्र्याग नावाच्या गावातला. राहतात सोफियातच.

नेने काका: माझ्याहून लहान आहे. सेक्रेटरीसाहेब, माझं मत नोंदवा. ते चित्र राहू द्या. कला म्हणून नव्हे. बिल खरंच निघालेलं नाही, मी खजिनदाराला विचारलं.

सेक्रेटरी: बिलाचा चेक सहीसाठी अध्यक्षांकडे आहे. ते बंगळुरूला मुलीकडे गेलेत. बुधवारी येतील.

तुषार: म्हणजे काढलं कुणी ते कळलं 😶

सेक्रेटरी: पेंटरला आत्ता फोन केला होता. तो म्हणतो, मी नाही, माझं अक्षर इतकं चांगलं नाही. उद्या शेवटचा हात मारायला दहा वाजता येतोय. विचारत होता, माणूस ठेवायचा की त्यावरून रंग घ्यायचा. ठेवायचा असेल तर चारी बाजूंनी टेप लावावी लागेल. टेपचे पैसे वेगळे.