मदत हवी आहे: अमेरिकेतला फोन अनलॉक केला तर गुन्हा होतो का? अर्जंट

खानापूर_रोड
नमस्कार मंडळी. मेव्हण्यानं फोन आणून दिलाय, सिम घेत नाही. काल खडेबाजारातल्या एका दुकानात दोन तास घालवले, तो म्हणाला लॉक हाय, काढून देतो, साडेचार हजार, आणि वर हळूच म्हणतो हे कॉपीराइटच्या कायद्यात बसत नाही म्हणून पावती मिळणार नाही. फोन माझा, मग गुन्हा कसला? लवकर सांगा, मेव्हणा परवा परत चाललाय.

निपाणीचा_पक्या
कुठला फोन? कुठला लॉक?

खानापूर_रोड
आयफोन. लॉक म्हणजे लॉक हो, उघडतो, फोटो निघतात, व्हॉट्सॲप वायफायवर चालतंय, सिम तेवढं नाही.

शहापूरची_सून
आमच्या नणंदेचा असाच होता. जुन्या मालकाचा ॲपल आयडी राहिला होता आत. त्यांना फोन करून पासवर्ड मागितला, पाच मिनिटांत झालं. पासवर्ड मागा.

निपाणीचा_पक्या
वहिनी, त्यांचा फोन उघडतोय. तो लॉक वेगळा.

टेक_टिळकवाडी
सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि खाली सरकत जावा. कॅरिअर लॉक अशी ओळ हाय, तिथं 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलं असलं तर फोन मोकळा, दुसरं काही असलं तर तिथल्या मोबाइल कंपनीला बांधलेला. आणि मॉडेल सांगा की दादा, आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या फोनला सिमचा ट्रेच नसतो.

खानापूर_रोड
१५ हाय. ट्रे नाहीच! दुकानदारानं पिन घेऊन चारी कडा टोचून बघितल्या, मला वाटलं आतच कुठं दडलाय. आणि त्या ओळीत सिम लॉक्ड दिसूलालंय.

टेक_टिळकवाडी
मग साडेचार हजारात तो करणार काय? सिमखाली चिकटवायची चिप असते ती, आणि ट्रे नाही म्हटल्यावर ती चिकटवायची कुठं, कपाळाला? असल्या चिपा एका अपडेटमध्ये मरतात. आणि 'आयएमईआय (म्हणजे फोनचा ओळख नंबर) बदलून देतो' म्हणाला तर तिथनं पळा. त्याला २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद हाय.

वकिली_चष्मा
मूळ प्रश्नाचं कुणीच बोलेना. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए घातलं. तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण त्यात अट हाय की कुलूप हे त्या कायद्यातले हक्क राखायला लावलेलं असावं आणि तोडणाऱ्याचा हेतू ते हक्क मोडायचा असावा. जिओ किंवा एअरटेल चालवायला कंपनीचं कुलूप काढणं म्हणजे कुणाचं गाणं चोरणं नव्हे. दुकानदार पावती का देत नाही ते त्याला विचारा, कायद्याच्या आडोशाला कशाला जातो.

हिंदवाडी_७२
इतकं सोपं नाही साहेब. २००५ चा आंध्र हायकोर्टाचा निकाल वाचा. रिलायन्सनं साडेदहा हजारांचा हँडसेट सुरुवातीला ३,३५० रुपये घेऊन तीन वर्षांच्या बोलीवर दिलेला, आणि टाटा इंडिकॉमच्या लोकांवर आरोप होता की त्यांनी आतलं सॉफ्टवेअर बदलून ती गिऱ्हाइकं आपल्याकडं ओढली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा रद्द करायला कोर्टानं नकार दिला.

वकिली_चष्मा
तिथं दुसरी कंपनी धंद्यासाठी करत होती, आणि ६५ए त्यानंतरचं. घरच्या माणसानं आपल्याच फोनचं करणं तिथं आलंच नव्हतं.

हिंदवाडी_७२
पण सॉफ्टवेअरला कॉपीराइट लागतो हे तर तुम्ही मानता ना. झालं.

चिकोडीचा_ऊस
फोनचं सोडा, आमच्या ट्रॅक्टरचं बघा. पॅनेलवर एक लाल दिवा पेटला की डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत गाडी शेडात, आणि कारखान्याची ऊसतोड थांबत नाही. मिस्त्री म्हणतो सेन्सर बदललाय, पण कोड पुसायला येत नाही. अमेरिकेत २०१५ साली ट्रॅक्टरच्या मालकांना दुरुस्तीपुरती सूट मिळाली म्हणे. इथं कधी?

निपाणीचा_पक्या
ट्रॅक्टरचा वेगळा धागा काढा काका.

वकिली_चष्मा
काकांचं बरोबर हाय, एकच रोग. अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा, कुलूप फोडायला बंदी, आणि सूट कुणाला द्यायची ते दर तीन वर्षांनी संसदेच्या ग्रंथालयाचा प्रमुख ठरवतो. फोनची सूट २००६ पासून होती, ती नव्या फोनांना जानेवारी २०१३ पासून बंद केली. लोक खवळले, व्हाइट हाउसकडं एक लाख चौदा हजारांवर सह्या गेल्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांनी सही करून सूट परत आणली. म्हणजे तिथं मालकानं अनलॉक करणं कायदेशीर. पण कंपनीनं करूनच दिलं पाहिजे असं त्या कायद्यात नाही.

शहापूरची_सून
ग्राहक मंचात टाका. १९१५ ला फोन करा, मराठीत पण बोलतात. अर्ज कन्नडमध्ये भरायला लागला तर आमच्या ह्यांना येतं.

टेक_टिळकवाडी
मंचात कुणाविरुद्ध टाकणार वहिनी, मेव्हण्याविरुद्ध? दादा, फोनचे पैसे पूर्ण फिटलेत का ते विचारा आधी. हे पहिल्यालाच विचारायला हवं होतं.

खानापूर_रोड
विचारलं. हप्त्यावर घेतलाय म्हणे. अकरा हप्ते ऱ्हायलेत. तोंड वर करून सांगूलालाय, 'सांगायचं राहून गेलं'.

टेक_टिळकवाडी
मग कंपनी आत्ता सोडणार नाही. हप्ते एकदम फेडा, मेव्हण्याला त्याच्या खात्यातनं अनलॉकची विनंती टाकायला सांगा. फोन अमेरिकेत न्यायची गरज नाही, मंजूर झालं की इथं वायफायला जोडून ठेवा, ती ओळ आपोआप बदलते. मग एअरटेल नाहीतर जिओचं ई-सिम (फोनच्या आतच चालू होतं, ट्रे लागत नाही) घ्या. दुकानात एक रुपया देऊ नका.

हिंदवाडी_७२
आणि हप्ते असताना फोन तुमचा कसा? पहिल्याच ओळीत लिहिलंय 'फोन माझा'.

खानापूर_रोड
तेच चाललंय घरी. मेव्हणा म्हणतो अकरा हप्ते तू भर, भेट म्हणून फोन मी दिलाय. बायको त्याच्या बाजूनं. तोवर जुन्या फोनचा हॉटस्पॉट लावून वापरतोय, दोन खिशांत दोन फोन.

चिकोडीचा_ऊस
लाल दिवा अजून पेटलेलाच हाय. कुणाच्या ओळखीत लॅपटॉपवाला असंल तर सांगा.