डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स): राक्षस दोन फेऱ्यांत मरू नये म्हणून काय करावं?

फासेबहाद्दर

पाचवी आवृत्ती, २०१४चं मॉन्स्टर मॅन्युअल (खेळातल्या प्राण्यांचं पुस्तक). चार खेळाडू, सगळे आठव्या लेव्हलचे: पॅलाडिन (धर्मयोद्धा), क्लेरिक (पुजारी), रोग (Rogue, छुपा वार करणारा), विझार्ड (जादूगार). रोगकडे +१ रेपियर आहे. सगळ्यांची अलाइनमेंट (नैतिक कल) गुड.

मोहिमेचा खलनायक खेळातल्या वॉटरडीप शहरातला एक बडा व्यापारी. मुखवट्याआड तो राक्षस आहे, त्याच पुस्तकातला 'राक्षस' नावाचा प्राणी. सीआर (आव्हानाची पातळी) १३, एक्सपी (हरवल्याचे गुण) १०,०००. आठव्या लेव्हलच्या चौघांसाठी 'डेडली' (जीवघेण्या) लढाईची मर्यादा ८,४०० येते, म्हणजे कागदावर तो भारी पडायला हवा. पण स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) पाहिला तर एचपी (जीवनगुण) ११०, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १६ आणि दोन पंजे. हा टिकेल असं वाटत नाही. एचपी दुप्पट करू का? शिवाय सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल (मंत्र) त्याला लागत नाहीत, मग विझार्डला या लढाईत करण्यासारखं काही उरतं का?

कोपऱ्यातला डीएम

शंका रास्त आहे. आधी हिशेब बघा.

डंजन मास्टर्स गाइडच्या (खेळ चालवणाऱ्या डीएमच्या पुस्तकाच्या) तक्त्यात सीआर १३च्या प्राण्याला साधारण २५१ ते २६५ एचपी आणि फेरीला ८१ ते ८६ डॅमेज अपेक्षित आहे. राक्षसाचे दोन पंजे (+७, प्रत्येकी २डी६+२, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे अधिक २) दोन्ही लागले तरी सरासरी १८. त्याच पुस्तकातल्या सीआर ३च्या व्हेटरनचे तीन वार मिळून २० होतात. म्हणजे दारावरचा पहारेकरी मालकापेक्षा जोरात मारतो!

आता तुमचा रोग. चांगल्या अलाइनमेंटच्या माणसाने जादूच्या शस्त्राने केलेलं पिअर्सिंग डॅमेज राक्षसाला दुप्पट लागतं. डेक्स (चपळाई) २० धरली तर १डी८+६ आणि स्नीक अटॅकचे (रोगच्या जादा डॅमेजचे) ४डी६, सरासरी २४.५. स्नीक अटॅकचं डॅमेज शस्त्राच्याच प्रकारचं, म्हणून तेही दुप्पट. एका वारात ४९. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट २०१४च्या नियमांत स्पेल नाही, त्यामुळे राक्षसाची स्पेलविरुद्धची इम्युनिटी तिथे चालत नाही. शिवाय तो फीण्ड (नरकातला जीव) असल्याने एक डी८ जास्त. दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेलसाठीची मोजकी शक्ती) घातला तर ४डी८, सरासरी १८, तलवारीचं डॅमेज वेगळं. समोरासमोर उभा केलात तर तो दुसऱ्या फेरीत आडवा.

एचपी दुप्पट करून फक्त फेऱ्या वाढतील, धोका वाढणार नाही. वाढवायचेच तर १३डी८+५२ची कमाल १५६ होते, तिथे थांबा.

त्याचं खरं हत्यार पंज्याचा शाप आहे. पंजा लागला की शाप लागला, सेव्ह (फासा टाकून बचाव) नाही. मग शॉर्ट रेस्ट घ्या की लाँग रेस्ट, फायदा शून्य: एचपी भरत नाहीत, स्लॉट परत येत नाहीत. रिमूव्ह कर्सने शाप सुटतो, पण माणशी एक तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट जातो, आणि आठव्या लेव्हलच्या क्लेरिककडे असे तीनच असतात. त्यातही एक मेख आहे. क्लेरिकला तयार स्पेलची यादी लाँग रेस्टनंतर बदलता येते. त्यालाच पंजा लागला आणि रिमूव्ह कर्स यादीत नसेल, तर ते यादीत आणायचा रस्ताही बंद.

म्हणून त्याला शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवू नका. दोन दिवस आधी अंधाऱ्या गल्लीत गाठ घाला. पहिल्या टर्नला दोन वेगवेगळ्या पात्रांवर एकेक पंजा, दुसऱ्या टर्नला इन्व्हिजिबिलिटी आणि ४० फुटांच्या चालीने पसार. त्या रात्री दोघांना भयंकर स्वप्नं पडतात, सकाळी अंगावरच्या जखमा तशाच. पार्टी शेवटी त्याच्या वाड्यावर पोचेल ती अर्ध्या स्लॉटवर. सीआर १३चा अर्थ तिथे कळतो. मात्र शाप उतरवायची एक वाट शहरात ठेवाच, एखादं देऊळ किंवा एखादा स्क्रोल. नाहीतर खेळाडू कोंडीत सापडतात आणि चिडतात.

लढाईत सगळ्यात जास्त घोटाळा कॉन्सन्ट्रेशनचा (स्पेल टिकवायला लागणाऱ्या एकाग्रतेचा) होतो. इन्व्हिजिबिलिटी, फ्लाय, मेजर इमेज, सजेशन, डॉमिनेट पर्सन, डिटेक्ट थॉट्स, सगळी कॉन्सन्ट्रेशनवाली. एका वेळी एकच. उडणारा, अदृश्य आणि वर पॅलाडिनला नाचवणारा राक्षस नियमात बसत नाही. आणि सेव्हवरचा त्याचा अॅडव्हांटेज फक्त स्पेल आणि जादूच्या इतर परिणामांविरुद्ध आहे, कॉन्सन्ट्रेशन टिकवताना मिळत नाही. ४९चा वार बसला तर डीसी (फाशाने गाठायचा आकडा) २४, त्याचा कॉन (काटकपणा) +४. वीस पडले तरच वाचला.

पडद्यामागची

वरचं लढाईपुरतं बरोबर आहे, पण तुमचा घात लढाईत होणार नाही. तो पॅलाडिनच्या डिव्हाइन सेन्सने होईल.

लिमिटेड मॅजिक इम्युनिटी सहाव्या लेव्हलपर्यंतच्या स्पेलना अडवते. डिटेक्ट ईव्हिल अँड गुड आणि डिटेक्ट थॉट्स त्याच्यापाशी आंधळी. झोन ऑफ ट्रूथमध्ये उभा राहून तो बिनदिक्कत खोटं बोलू शकतो. फक्त त्या स्पेलमध्ये कोण सेव्ह झालं ते टाकणाऱ्याला कळतं, म्हणून क्लेरिकला 'शेठवर परिणाम झाला नाही' एवढं प्रामाणिकपणे सांगा. डिव्हाइन सेन्स मात्र स्पेल नाही. ६० फुटांत, पूर्ण आडोसा नसेल तर, फीण्ड नेमका कुठे आहे ते पॅलाडिनला कळतं. पहिल्याच मेजवानीत त्याने ते वापरलं की गुपित संपलं.

यावर दोनच सरळ उपाय. शेठ भिंतीआड राहतो आणि सगळे व्यवहार मुनीम करतो. किंवा पॅलाडिनला कळू द्या, पण शहरात त्याचं कोणी ऐकत नाही, कारण अर्धे सरदार शेठचे कर्जदार. मला दुसरा जास्त आवडतो. ऐन वेळी 'तुझा डिव्हाइन सेन्स चालत नाही' असं ठरवू नका. खेळाडूने निवडलेल्या क्लासची ताकद हिसकावणं वाईट.

मुखवट्याचे कच्चे दुवेही वापरा. डिसगाइज सेल्फ हवं तितक्या वेळा टाकता येतं, पण टिकतं एक तास. त्याला मटेरियल लागत नाही, तरी मंत्र पुटपुटावा लागतो आणि हातवारे करावे लागतात. म्हणजे तासाच्या आत शेठला कुठल्यातरी निमित्ताने आतल्या खोलीत जायलाच हवं. दुसरं, भ्रम फक्त डोळ्यांपुरता. हात मिळवला तर तळवा उलटा लागणार. निरखून पाहणाऱ्याला इन्व्हेस्टिगेशन डीसी १८.

मुंजोबा

टेबलावर बसलेले मराठी असतील तर उलट्या तळव्याचा इशारा फार जपून द्या. उलट्या पायांची भुतं ऐकत मोठी झालेली मंडळी 'हातमोजे काढत नाही' एवढ्यावर ओळखतात. आणि तोंडातून 'राक्षस' हा शब्द गेला तर संपलंच. त्याला त्या व्यापाऱ्याच्या नावानेच हाक मारा, नोंदवहीतसुद्धा.

जाता जाता: वाघाचं डोकं आणि हातात पाइप हे रूप १९७७च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलपासूनचं. आपल्या पुराणांतल्या कामरूपी राक्षसांचा बहुरूपीपणा तेवढा त्यात उतरलाय. तेव्हा क्लेरिकने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा एक बाण लागला की तो ठार व्हायचा. आताचं दुप्पट पिअर्सिंग त्याचाच वारसा. ही कमजोरी खेळाडूंना जुन्या पोथीतून किंवा एखाद्या भित्तिचित्रातून आधी सापडू द्या.

फासेबहाद्दर

शाप आणि डिव्हाइन सेन्स, दोन्ही डोक्यात आलं नव्हतं. विझार्डचं काय करू? त्याचं फायरबॉल फुकट जाणार.

कोपऱ्यातला डीएम

राक्षसावर टाकलेलं फुकट, बाकी सगळं चालतं. रोगवर हेस्ट टाकलं तर ते रोगवरच लागतं. पॅलाडिनच्या साध्या भाल्यावर मॅजिक वेपन टाकलं तर भाला जादूचा होतो आणि तोही दुप्पट लागायला लागतो. फायरबॉलचं डॅमेज राक्षसाला शून्य, पण पडदे पेटतात, आणि ती पुढची आग साधी असल्याने त्याला भाजते. एक सापळा: पॉलिमॉर्फने जायंट एप केला तर त्याच्या ठोशांना जादू नसते, राक्षसाला ओरखडाही येणार नाही. विझार्डला अर्काना चेकवर (जादूच्या ज्ञानाच्या फाशावर) हे आधी कळू द्या.

काउंटरस्पेलवर टेबलागणिक वाद होतो. माझ्या मते ते मंत्र टाकणाऱ्या प्राण्याला रोखतं, म्हणून राक्षसावर चालत नाही. तुमचा निर्णय उलटा असला तरी चालेल, पण लढाईआधी सांगून टाका. शेवटच्या फेरीत तो प्लेन शिफ्ट (दुसऱ्या लोकात जायचा स्पेल) टाकेल तेव्हा भांडण नको.

दोन व्हेटरनही द्या, एसी १७, एचपी ५८. त्यातल्या एकाला शेठचे कपडे घाला आणि शेठ स्वतः पहारेकऱ्याच्या रूपात. रोगचा पहिला ४९चा वार भलत्यावरच जातो. बरं, दुप्पट न झाल्याने तो २४चाच पडतो, आणि चाणाक्ष खेळाडूला तेवढ्यावरून कळतं.

पडद्यामागची

प्लेन शिफ्ट दिवसातून एकदाच आहे, तेव्हा एचपी ४०च्या खाली गेले की वापरा. शून्याची वाट पाहू नका, रोगची टर्न मध्ये आली की संपेल. आणि मेलाच तरी बिघडत नाही. नाइन हेल्सबाहेर (त्याच्या नरकाबाहेर) मारलेला राक्षस तिथेच परत नवं शरीर धरतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, सगळ्या आठवणींसकट, आणि मारणाऱ्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा सूड घ्यायला निघतो. कायमचा संपवायचा तर नाइन हेल्समध्ये जाऊन मारावा लागतो. पार्टी तेराव्या लेव्हलला पोचली की त्याला परत आणा. तेव्हा विझार्डकडे सातव्या लेव्हलचे स्पेल असतील, आणि ते त्याला लागतात.