दोघांच्या पोकरमध्ये 'चांगल्या पत्त्यांची वाट बघा' हा सल्ला घातक आहे

बटणवाला:
हेड्स-अप (दोघांचं पोकर) नुकतं शिकणाऱ्याला परवा इथे सल्ला मिळाला: "संयम ठेव. बिग ब्लाइंडवर (पत्ते येण्याआधीच पूर्ण सक्तीची रक्कम भरायच्या जागेवर) दहातले सहा-सात हात सोडून दे, चांगले पत्ते आले की मार." वर त्याला वाहवा! राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

नऊ जणांच्या टेबलावर हे ठीक आहे. दोघांच्या खेळात प्रत्येक हाताला तुमचा ब्लाइंड जातोच. समोरच्याचा (बटणवर बसलेल्याचा) अर्धा ब्लाइंड आधीच आत आहे. दोन बिग ब्लाइंडपर्यंत रेज करायला (बोली वाढवायला) तो आणखी दीड टाकतो, आणि मध्ये पडलेलेही दीडच. तुम्ही निम्म्याहून जास्त वेळा फोल्ड केलंत (पत्ते टाकलेत), तर त्याने स्वतःचे पत्ते उचलून बघायचीही गरज नाही, तो फायद्यातच! तुम्हाला मात्र एक भरून चारचा पॉट (मधली सगळी रक्कम) मिळू शकतो. चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी.

आणि वाट कशाची बघताय? हातात जोडी येते सरासरी १७ हातांत एकदा. जोडी नसेल तर फ्लॉपवर (मध्ये उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांवर) तीनातून दोनदा काहीच लागत नाही, आणि हे समोरच्यालाही लागू आहे.

जुना_भिडू:
तो सल्ला देणारा मीच. चारातून एकदा हा हिशोब कागदावरचा. हात शेवटपर्यंत पोचला तरच तो खरा. फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी आधी बोलायचं तुम्ही, बटणवर बसलेला बघून ठरवणार. नवखा नव्वी-चव्वी घेऊन कॉल करतो (समोरच्याएवढे भरून हातात राहतो), खालची जोडी लागते आणि तीन बेट भरून बसतो. मी सहा महिने असाच चिप्स वाटत होतो. सोडायला शिकलो तेव्हा गळती थांबली.

रातराणी:
जुना_भिडूंशी सहमत. पण अवांतर: मुळात खेळ पूर्ण होतो कुठे? पहिला हात बटणवर खेळायचा आणि बिग ब्लाइंड यायच्या आत उठून जायचं, असे चार जण मला एका संध्याकाळी भेटले. हेड्स-अपमध्ये कमाई होते ती बटणवर, तोटा सोसायचा बिग ब्लाइंडवर. दुसरी बाजू न देता उठणं ही चोरी आहे.

शेवटचा_पत्ता:
चोरी कसली? कुणी कधीही उठावं. जिंकत असताना उठणं वाईट दिसतं म्हणून मी एकदा थांबलो. डोळे मिटत होते तरी 'अजून एक' करत पहाटेपर्यंत खेळलो आणि जिंकलेलं सगळं परत केलं. आता ठरलेल्या वेळी उठतो, समोरचा काहीही म्हणो.

रातराणी:
तुम्ही दमून उठलात. मी एका हातानंतर पळणाऱ्यांबद्दल बोलतेय. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

शेवटचा_पत्ता:
बरं, एका हाताचं मान्य. निदान फेरी पूर्ण करावी. पण जिंकून उठणाऱ्या प्रत्येकाला पळपुटा म्हणणारेही इथेच आहेत, आणि मला ते ऐकून घ्यावं लागलंय.

गणिती:
मूळ विषयावर येऊ या का? जानेवारी २०१७ मध्ये लिब्रेटस हा संगणक चार व्यावसायिक खेळाडूंशी हेड्स-अप खेळला, १,२०,००० हात. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून एकीकडे माणसाला आलेले पत्ते दुसरीकडे संगणकाला दिले. दर १०० हातांमागे १४ हून अधिक बिग ब्लाइंडने तो जिंकला. चेहरा वाचला नाही, मूड ओळखला नाही. तेव्हा 'माणूस वाचा' म्हणणाऱ्यांनी आधी चार्ट (कोणत्या पत्त्यांवर काय करायचं याचे तक्ते) पाठ करावेत.

जुना_भिडू:
समोर संगणक बसतो का तुमच्या? माझ्यासमोर नदीवर (शेवटचा पत्ता उघडल्यावर) कधीच ब्लफ न करणारा माणूस बसतो. त्याच्या बेटला चार्ट बघून कॉल करत राहिलात तर दिवाळं निघेल.

बटणवाला:
इथे जुना_भिडू बरोबर आहेत. पण लिब्रेटसचं खरं शिकण्यासारखं वेगळंच आहे. दिवसा खेळाडू त्याच्या खेळात जिथे भोक शोधत, ती जागा तो रात्रीतून बुजवायचा. आपण रात्री काय करतो? हरलेले मोठे हात आठवून नशिबाला शिव्या. सोडून दिलेले शंभर हात कुणी मोजत नाही. मी मोजले. दोनपटीच्या रेजला शंभरातले ६४ फोल्ड होते, आणि वर्षभर मी स्वतःला संयमी समजत होतो.

जुना_भिडू:
आकडा दिलात म्हणून ऐकतो. दोनपटीच्या रेजपुरतं 'सहा-सात' मागे घेतलं. तीनपटीला नाही घेणार.

बटणवाला:
तीनपटीला घेऊही नका. तिथे तो दीडसाठी अडीच टाकतो, त्यामुळे शंभरात ६२ हून जास्त फोल्ड मिळाले तरच त्याला आयता फायदा. तिथे तुमचं 'सहा' चालेल. 'सात' नाही.

जुना_भिडू:
सहा तर सहा. पण नव्वी-चव्वी मी टाकणारच.

रातराणी:
आणि एका हातानंतर उठणाऱ्यांवर कुणी काही बोलणार आहे का?