शब्दचर्चा: विषयवार शब्दकोड्यात ‘फड’ कुठला धरायचा?

शाहूपुरी
रोजच्या पेपरातलं विषयवार शब्दकोडं, विषय ‘ऊस ते गूळ’. ७ आडवा, दोन घरं: ‘ऊसतोड चालू असलेलं रान’. ‘मळा’ घातला तर अर्थ जुळल्यासारखा वाटतो, पण पहिल्या घरातून खाली जाणारा तीन घरांचा शब्द अडतो. त्याचं शोधसूत्र आहे ‘जमिनीवर बसवतात ती’. म वरून ‘मजला’ सुचतो, तो पटत नाही. दुसऱ्या घरातून उभा शब्दच जात नाही, त्यामुळे तिकडून पडताळा मिळत नाही. ‘मळा’ चूक आहे का, आणि असेल तर का?

कसबा बावडा
चूक आहे, ‘फड’ हवा. मळा म्हणजे पाण्याखालची बागायत. त्यात वांगी असतील, मिरची असेल, ऊसही असेल. तोडीला आलेला ऊस मात्र फडातच असतो. उसाच्या फडाला आग लागली, टोळी फडात उतरली, असंच आपल्याकडं सगळे बोलतात. शोधसूत्रात ‘ऊसतोड’ हा शब्द मुद्दाम घातलाय तो मळा बाद करण्यासाठी.

उभ्या शब्दाचं उत्तर ‘फरशी’. तिथं शेवटचा ‘ती’ बघायचा राहिला. मजला तो असतो, फरशी ती. मराठी कोडेकार शोधसूत्राच्या शेवटी पुष्कळदा तो, ती, ते, त्या यांपैकी काहीतरी ठेवतो, आणि त्यातून लिंग आणि वचन दोन्ही कळतं. उत्तर लिहिण्याआधी ते सर्वनाम लावून बघितलं की अर्धी खाडाखोड टळते.

बिंदू चौक
‘फड’ या दोन अक्षरांवर कोल्हापुरात तीन वेगवेगळी विषयवार कोडी निघू शकतात. विषय ऊस असेल तर वरचा अर्थ. लोककला असेल तर तमाशाचा संच, म्हणजे फड. कुस्ती असेल तर कुस्त्यांचा जंगी सामना, म्हणजे फड. शिवाय निवडुंगाचा जाड मांसल भाग, तोही फडच. कोड्याच्या डोक्यावर छापलेला विषय आधी वाचायचा तो यासाठीच. पुष्कळजण तो शीर्षक समजून सोडून देतात आणि थेट १ आडव्यावर जातात.

असे आणखी शब्द: ‘डाव’ कुस्तीत, पत्त्यात आणि स्वयंपाकघरात (वाढायचा डाव). ‘पट’ कुस्तीत पायाला घालतात तो, सोंगट्यांचा तो आणि चित्रपटातला तो. ‘रवा’ शिऱ्याचा, आणि मार्केट यार्डात सौदा होतो तो गुळाचा. ‘ढाक’ कुस्तीचा डाव, एरवी पळसाचं झाड.

जुना बुधवार
‘मळी’ राहिली. गुऱ्हाळात रस तापताना भेंडीचं पाणी घालतात, मग घाण वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात, ती मळी. साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक, तीही मळी. रस गाळल्यावर राहणारा, खत म्हणून शेतात जाणारा गाळ, त्यालाही मळीच म्हणतात. आणि नदीकाठची गाळाची जमीन, ती मळीची जमीन. चौघींचीही घरं दोनच, त्यामुळे घरं मोजून हा प्रश्न सुटत नाही. शोधसूत्रात ‘वर येते’, ‘उरते’ की ‘पिकते’, कुठलं क्रियापद आहे ते बघा.

रंकाळा
विषयाला मराठी कोड्यात इतकं महत्त्व का, ते अक्षरांच्या हिशेबातून दिसतं. शब्दकोड्याचा आजचा प्रकार ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी छापला. अमेरिकी दैनिकांत आज रूढ असलेली चौकट १५ बाय १५ घरांची असते आणि तिच्यातल्या प्रत्येक पांढऱ्या घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द जातात. अक्षरं २६ असल्यानं ते जमतं. एक शब्द अडला तरी उभे शब्द तो पुरा करून देतात.

आपल्याकडं एका घरात पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. तीसच्या वर व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे जोडाक्षरं न धरताच चारशेच्या आसपास रूपं. दोन शब्दांना एकाच जागी नेमकं तेच रूप लागणं अवघड, म्हणून काळी घरं जास्त आणि एकाच शब्दात अडकलेली घरं पुष्कळ. ‘फड’मधला ड तसाच एकटा पडलाय. जिथं उभा शब्द साक्ष देत नाही तिथं विषयच साक्ष देतो. माझ्या मते विषयवार कोडं साध्या कोड्यापेक्षा अवघड नसतं, उलट चांगल्या कोडेकाराचं असेल तर जास्त न्यायाचं असतं.

शाहूपुरी
फड आणि फरशी बसले. आता त्याच कोड्याचा डावा वरचा कोपरा. १ आडवा, तीन घरं: ‘रस आटवण्याचं रुंद भांडं’. ‘कढई’ लिहिली आहे. १ उभा, तीन घरं: ‘गुळाच्या आधीची दाट गोडी’. क वरून काही लागत नाही.

कसबा बावडा
कढई पुसा. गुऱ्हाळावर कढई म्हणत नाहीत, काहील म्हणतात. का-ही-ल. लगेच उभा शब्द का-क-वी, काकवी. विषय एखाद्या धंद्याचा असला की घरातला शब्द आधी सुचतो आणि तिथंच फसगत होते. त्या धंद्यातला माणूस काय म्हणेल ते आधी विचारायचं. याच विषयाचे हाताशी ठेवण्यासारखे शब्द घरांसकट देतो: चुलवाण, म्हणजे काहिलीखालची मोठी चूल (४), चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस (३), गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर (३), ढेप, म्हणजे गुळाचा मोठा गोळा (२), गुऱ्हाळ (३). गुऱ्हाळात ऱ्हा हे एकच घर.

शाहूपुरी
काकवीच्या वी पासून ५ आडवा सुरू होतो, दोन घरं: ‘चुलवाण बांधायला लागते ती’. ‘विटा’ बसतो का? वेलांटी जुळत नाही.

जुना बुधवार
‘लागते ती’ आहे, ‘लागतात त्या’ नाही. म्हणून वीट. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ होतो: वीट, गूळ, पीठ, फूल. प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की तो ऱ्हस्व: विटा, गुळाचा, पिठात, फुलं. तत्सम शब्द या नियमात येत नाहीत, म्हणून गुण आणि विष ऱ्हस्वच. वेलांटीची बाजू जुळत नाही असं दिसलं की कोडेकाराला दोष देण्याआधी वचन तपासा; निम्म्या वेळा चूक तिथंच सापडते. काही कोड्यांच्या तळाशी ऱ्हस्व-दीर्घाची सवलत असल्याची टीप असते. टीप नसेल तर वी आणि वि एका घरात बसवायचे नाहीत.

शाहू जयंतीला, म्हणजे २६ जूनला, विषय शाहू महाराजांचा असला तर ‘वसतिगृह’ हमखास येतो. व-स-ति-गृ-ह, पाच घरं, ति ऱ्हस्व. पाट्यांवर ‘वसतीगृह’ सगळीकडं दिसतं, त्यामुळे हात आपोआप दीर्घ लिहितो आणि ति मधून जाणारा उभा शब्द अडतो. त्याच विषयातले बाकीचे: खासबाग (४), साठमारी, म्हणजे हत्तीला चिडवून खेळायचा खेळ (४), राधानगरी (५), आरक्षण (४, क्ष एकच घर).

बिंदू चौक
सणवारी निघणाऱ्या कोड्याला पेपरची तारीख आधी बघावी. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबा, म्हणजे सासनकाठी (५), गुलाल (३), चांगभलं (४). नवरात्रात ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा आणि कोहळा. इथं एक खोच आहे: त्र्यंबोली तीन घरं, टेंबलाई चार. देवी एकच, म्हणून घरं मोजूनच नाव ठरवायचं. त्र्यं कितीही जड दिसलं तरी एकच घर. रफाराचंही तसंच, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर त्याच घरात बसतो: म-र्दा-नी, तीन.

शिरोळ
खाद्यपदार्थांच्या कोड्यात मिसळीवर ओततात त्या झणझणीत रश्श्याला कोणता शब्द धरायचा? ‘तर्री’ दोन घरं आणि ‘कट’ही दोन. दोन्ही बरोबर वाटतात.

रंकाळा
विषय कोल्हापूरचा असेल तर कट. तर्री हा विदर्भातला शब्द, नागपूरच्या तर्री-पोह्यातला. विषय नुसता ‘मराठी पदार्थ’ असेल तर शोधसूत्रात गावाची खूण शोधा. ती नसेल आणि उभा शब्दही जात नसेल तर कोडं सदोष आहे, दोन उत्तरं बरोबर धरावी लागतील. कोडेकारानं असं घर मोकळं ठेवायला नको होतं. ‘पायताण’सारख्या शब्दाला ‘(बोली)’ असा शेरा असायलाच हवा, नाहीतर बाहेरचा माणूस चार घरांत ‘पादत्राण’ लिहून बसतो. तोही पा पासून सुरू होतो आणि ण वर संपतो, त्यामुळे चूक फार उशिरा कळते.

जुना बुधवार
पादत्राण आणि पायताण यांत दुसरं आणि तिसरं घर वेगळं: द-त्रा आणि य-ता. त्या दोनपैकी एका घरातून उभा शब्द जात असेल तर आधी तोच सोडवा, पायताण नंतर.

शाहूपुरी
कुस्तीच्या कोड्यासाठी एक विचारतो. पाच घरं, ‘पाठीवर घेऊन आपटण्याचा डाव’. ‘पोकळ घिस्सा’ की ‘धोबीपछाड’?

कसबा बावडा
धोबीपछाड. पो-क-ळ-घि-स्सा हीसुद्धा पाचच घरं होतात, म्हणून गोंधळ. पण उत्तर दोन शब्दांचं असेल तर शोधसूत्रापुढं ‘(दोन शब्द)’ असं लिहितात आणि मध्ये रिकामं घर सोडत नाहीत. तसा शेरा नाही, म्हणजे सलग एकच शब्द. शिवाय शोधसूत्रात ‘पाठीवर घेऊन आपटण्याचा’ आहे, धोब्यानं कपडा खांद्यावरून आणून दगडावर आपटावा तसा. घिश्श्यात प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेत नाहीत.